लग्नाचे पाहुणे: हॉटेल, लॉज, गेस्ट हाऊस, होमस्टे यांत नेमका फरक काय?

नवरीची_मावशी

नमस्कार मंडळी. भाचीचं लग्न डिसेंबरात, कार्यालय पुण्यात नळस्टॉपजवळ. बाहेरगावच्या पाहुण्यांची सोय माझ्या गळ्यात, कारण "तुला बोलता येतं" असं आमच्या ताईचं मत. एकूण ३४ डोकी. नागपूरची १४, सगळी पहाटेच्या गाडीने उतरणार. चिपळूणची आत्या, वय ८१, गुडघे गेलेले, कमोड हवाच. जावईबापूंचे दोन जर्मन सहकारी. बाकी १७ पोरं, ती कुठेही पडतील.

चार दिवस फोन करतेय. एकाच रस्त्यावर हॉटेल, एक्झिक्युटिव्ह लॉज, गेस्ट हाऊस, सर्व्हिस अपार्टमेंट आणि होमस्टे. भाडं १४०० पासून ६००० पर्यंत. एकीकडे पाटीवर तीन चांदण्या रंगवलेल्या, आत जाऊन बघते तर लिफ्ट बंद आणि जिन्यात गाद्यांची थप्पी. वर विचारतात, "मॅडम, ईपी का सीपी?" मला सीपी म्हणजे पोलीस कमिशनर एवढंच माहीत. कोणी नीट सांगेल का?

काउंटरमागून

मावशी, पुण्यातल्या हॉटेलांच्या फ्रंट ऑफिसला २७ वर्षं काढली, त्यातली पहिली सहा रात्रपाळीत. पहिलं सांगतो, पाटी वाचू नका. आपल्याकडे मिसळ देणाराही हॉटेलच असतो आणि रंगाऱ्याला पैसे दिले की चांदण्या हव्या तेवढ्या मिळतात.

खरे स्टार केंद्राचं पर्यटन मंत्रालय देतं. त्यांची एचआरएसीसी नावाची समिती येऊन हॉटेल बघते. किमान १० खोल्या लागतात. एक ते पाच स्टार, आणि त्याच्यावर फाइव्ह स्टार डिलक्स. प्रमाणपत्र ५ वर्षांचं, मग परत तपासणी. आमच्याकडे समिती यायची तेव्हा आठवडाभर आधी पडदे धुवायला जायचे. एकदा एक साहेब कोणाशी न बोलता सरळ बाथरूममध्ये गेले, गरम पाण्याचा नळ सोडला आणि मनगटावरचं घड्याळ बघत उभे राहिले. मॅनेजरला थंडीत घाम फुटला होता. पण हे सगळं ऐच्छिक आहे, त्यामुळे स्टार नसलेलं उत्तम हॉटेलही असतं. तुम्ही फक्त "प्रमाणपत्र कुठे लावलंय?" एवढं विचारा. ॲपवरचे ४.२ वगैरे तारे गिऱ्हाइकांनी दिलेले, त्यांचा सरकारशी संबंध नाही. हेरिटेज म्हणजे जुन्या वाड्या-महालांतल्या हॉटेलांचंही तसंच. त्या वर्गाला इमारत १९५० पूर्वीची लागते; परवा बांधून दारात दोन समया ठेवल्या की झालं, असं नाही.

आता तुमची माणसं. नागपूरकरांना स्टेशनजवळच्या बऱ्यापैकी लॉजवर टाका. कारण वेळ. हॉटेलात बहुधा दुपारी बारा ते बाराचा हिशोब असतो; पहाटे सहाला पोचलात तर एकतर आदल्या रात्रीचं भाडं द्या नाहीतर बॅगांवर बसून राहा. बऱ्याच लॉजवर २४ तासांचा हिशोब चालतो, सहाला आलात तर दुसऱ्या दिवशी सहाला सोडा. गरम पाणी किती ते किती हे आधी विचारा, १४ जण आहेत. स्टेशनवरून मेट्रो थेट नळस्टॉपला येते.

ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे नाश्त्यासकट. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही वेळचं. तुम्ही ईपीच घ्या. कार्यालयात उपमा-शिरा असताना खोलीवरच्या ब्रेडला कोण हात लावणार?

सर्व्हिस अपार्टमेंट म्हणजे स्वयंपाकघर असलेला फ्लॅट, साफसफाई त्यांची. आयटीवाले महिना-महिना राहतात. पोरांना दोन फ्लॅट पुरतील, पण सोसायटीत असतील तर हळदीच्या रात्री सेक्रेटरी दार वाजवणार हे धरून चाला. गेस्ट हाऊस या शब्दाला काही अर्थ उरलेला नाही, खोली बघूनच ठरवा. भाड्यावर १२ टक्के जीएसटी वेगळा धरा.

कर_भरणारा

काका, १२ जुनं झालं. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७५०० पर्यंतच्या खोलीला ५ टक्के, त्याहून महाग खोलीला १८. आणि "हजाराच्या आतल्या खोलीला टॅक्स नाही" असं कोणी लॉजवाला सांगत असेल तर ती सूट जुलै २०२२ मध्येच गेली.

काउंटरमागून

बरोबर, रिटायर झाल्याचा पुरावा. धन्यवाद.

बाणेरची_यजमान

ताई, मी घरातल्या तीन खोल्या पाहुण्यांना देते म्हणून सांगते. सरकारी योजनेत होमस्टे म्हणजे मालकाचं कुटुंब त्याच घरात राहायला हवं, खोल्या जास्तीत जास्त ६, आणि वर्ग दोन, सिल्व्हर आणि गोल्ड. मालक अमेरिकेत आणि किल्ली वॉचमनकडे, तो नुसता भाड्याचा फ्लॅट. तळमजल्याची खोली मिळाली तर आत्यांसाठी उत्तम; रात्री पाय दुखले तर तेल गरम करून द्यायला माणूस असतं.

जर्मन पाहुण्यांचं मात्र नीट बघा. परदेशी माणूस मुक्कामाला आला की २४ तासांत त्याच्या पासपोर्ट-व्हिसाची माहिती ऑनलाइन कळवावी लागते, सी फॉर्म म्हणतात त्याला. मोठ्या हॉटेलांना सवय असते. समोरच्याने "ते काय असतं?" विचारलं तर तिथून निघा. स्वतःच्या घरी ठेवलंत तरी फॉर्म तुमच्या डोक्यावर.

पेठेतला_भाऊ

लोकल आयडी! हे कोणीच बोललं नाही. बहिणीच्या लग्नात पाहुण्यांजवळ कोणीतरी असावं म्हणून मी त्याच हॉटेलात खोली घेतली. आधार कार्डावर सदाशिव पेठ बघून काउंटरवरचा म्हणाला, "पुण्याचा पत्ता चालत नाही." कायदा नाही हा, त्यांचा घरचा नियम. रात्री अकराला धोतर-उपरण्यात तिथे वाद घालत होतो. तुमच्या १७ पोरांत पुण्यातली कोणी झोपणार असतील तर आत्ताच लेखी घेऊन ठेवा.

नवरीची_मावशी

सगळ्यांचे आभार. नागपूरकरांना २४ तासवाला लॉज मिळाला, गरम पाणी सकाळी पाच ते दहा. जर्मन मंडळी प्रमाणपत्र दाखवणाऱ्या हॉटेलात. पोरांचे दोन फ्लॅट बघून आले, सेक्रेटरींना पत्रिका देऊन लग्नाचं आमंत्रणच करून टाकलं.

आत्याला फोनवर होमस्टे समजावून सांगितला. शांतपणे ऐकून म्हणाली, "म्हणजे परक्याच्या घरी पैसे मोजून राहायचं? त्यापेक्षा तुझ्याकडे राहते की." तेव्हा आता ३३ डोकी, आणि आम्ही दोघं हॉलमध्ये.