आई-बाबांना घेऊन शांघायचा बंड, तोही १ ऑक्टोबरला. वेडेपणा आहे का?

शेंगदाणा:
मंडळी नमस्कार. कंपनीच्या कामासाठी मी सहा महिने कुनशानला आहे, शांघायच्या अगदी शेजारी. आई-बाबा सांगलीहून आलेत. बाबांनी निघण्याआधीच आळीत जाहीर करून टाकलंय की बंडवरून, म्हणजे शांघायच्या नदीकाठच्या कट्ट्यावरून, पलीकडच्या टॉवरांचे दिवे बघणार आणि तिथूनच सगळ्यांना व्हिडिओ कॉल लावणार. मला चीनच्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी १ तारखेपासून आणि त्यांचं परतीचं विमान ३ तारखेला. म्हणजे हातात १ आणि २ ऑक्टोबर एवढंच.

ऑफिसातल्या चिनी मैत्रिणीला हा बेत सांगितला तर ती आधी हसली, मग म्हणाली, "रेन शान, रेन हाय." माणसांचे डोंगर, माणसांचा समुद्र.

आई सहासष्ट वर्षांची आहे, गुडघे दुखतात. बाबा एकाहत्तर, पण स्वतःला पंचेचाळीसचे समजतात. कुणी या सुट्टीत तिथे गेलंय का? मेट्रोने जाऊ की टॅक्सीने? बसायला जागा मिळते का?

टवाळ:
संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर उभं राहा आणि मोबाईलवर त्या गुलाबी गोळ्यांच्या टॉवरचा फोटो लावा. तेवढीच गर्दी, शिवाय वडापाव मिळेल.

जुना_सुझोउकर:
टवाळ, तू गप्प बस.

शेंगदाणाताई, मी आठ वर्षं सुझोउला काढली, आता नाशिकला असतो. १ ऑक्टोबरच्या संध्याकाळी बंडवर मी एकदाच गेलो, २०१८ साली, आणि तेही सासरेबुवांना घेऊन. त्यामुळे हे अनुभवाचे बोल समजा.

आधी नावाचं. टॅक्सीवाल्याला "बंड" म्हणालात तर तो नुसता बघत बसेल. त्यांच्यासाठी ते वायथान. बंड हा आपल्याकडूनच गेलेला शब्द आहे, बांध-बंधाऱ्यातला. पुण्याचं बंडगार्डन ज्यावरून पडलं तोच. साहेब लोक जिथे गेले तिथे नदीकाठच्या बांधाला बंड म्हणत सुटले.

आता गर्दी. नानजिंग पूर्व मार्गाचं मेट्रो स्टेशन (२ आणि १० नंबरची लाइन) बंडला सगळ्यात जवळचं. म्हणूनच सुट्टीच्या संध्याकाळी गाड्या तिथे न थांबताच पुढे जातात. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. दारापाशी सरसावून उभे होतो आणि स्टेशन खिडकीतून मागे गेलं. पुढच्या स्टेशनावर उतरून उलटं चालत आलो. रस्ताभर माणसं, सगळी एकाच दिशेला. पाय उचलायचे नाहीत, लोंढाच नेतो. दर वीस पावलांवर पोलीस, शिट्टी आणि "वांग छ्येन झौ", म्हणजे पुढे चला. ते तीन शब्द सासऱ्यांना अजून पाठ आहेत, घरी कुणी वाटेत उभं राहिलं की म्हणतात.

खरी मजा चौकात. सिग्नल असतो, पण त्या दिवशी सिग्नलचं काम माणसं करतात. गणवेशातले जवान खांद्याला खांदा लावून रस्त्यावर आडवी भिंत करतात. शिट्टी वाजली की भिंत दारासारखी बाजूला होते, लोक पार होतात, पुन्हा शिट्टी, पुन्हा भिंत. मी आणि बायको पार झालो. सासरे दोन पावलं मागे होते, बुटाची नाडी बघायला वाकले, तेवढ्यात भिंत आली. समोर दिसतायत, मध्ये जवानांची रांग आणि गाड्या, त्यांच्या फोनमध्ये तिथलं सिम नाही. त्यांनी हात वर करून चक्क मराठीत "अगं ए, थांबा!" अशी हाक मारली. शेजारचा जवान, असेल एकवीस-बावीस वर्षांचा, त्याने मान वळवली आणि आपल्या मनगटावर बोटाने टकटक केलं. दोन मिनिटं, काका. आणि खरंच दोन मिनिटांनी पुढची फेरी सुटली तर हे सगळ्यात पुढे, मिरवणुकीच्या अध्यक्षासारखे.

एवढा बंदोबस्त का, तेही सांगतो. ३१ डिसेंबर २०१४ च्या रात्री इथेच, छन यी चौकातून वरच्या कट्ट्यावर जाणाऱ्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. चढणारे चढतायत, उतरणारे उतरतायत, जिना एकच. ३६ जण गेले, बहुतेक सगळी कोवळी पोरं. आपल्या एल्फिन्स्टनच्या पुलाचं २०१७ साली जे झालं, अगदी तसंच, जिन्यावरच. तेव्हापासून गर्दीच्या दिवशी चढायचा जिना वेगळा, उतरायचा वेगळा, आणि आलात त्या वाटेने परत फिरता येत नाही. पोलिसाने हात केला की वाद घालू नका. आईंचं "अगं, आपण इकडूनच आलो ना?" चालणार नाही.

कट्ट्यावर पोचलो आणि सासरे नदीकडे पाठ करून उभे राहिले! सगळं जग मोबाईल वर धरून पलीकडचे टॉवर टिपतंय आणि हे इमारतींकडे बघतायत. ते पुण्याच्या ससूनमधून निवृत्त झालेले कारकून. मी सहज सांगितलं होतं की ती हिरव्या निमुळत्या छपराची इमारत म्हणजे मूळचं ससून हाऊस, १९२९ सालचं, आता पीस हॉटेल. ते बांधणारा व्हिक्टर ससून हा डेव्हिड ससूनचा पणतू. ज्यांच्या देणगीतून पुण्याचं रुग्णालय उभं राहिलं तेच डेव्हिड ससून. मुंबईच्या गिरण्यांच्या धंद्यातून व्हिक्टर इकडे आला. घराण्याच्या पैशात कापूस होता तशी अफूही होती, आणि ती अफू इथेच, या देशात खपली. हे मी सांगितलं तेव्हा सासरे जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "तीस वर्षं ज्यांच्या नावाचा शिक्का मारला, त्यांचं घर आज बघितलं." आणि त्या छपराचा एक फोटो काढला. पलीकडच्या टॉवरचा एकही नाही.

थोडक्यात, १ तारखेची संध्याकाळ आईंच्या गुडघ्यांसाठी अजिबात नको. तीन तास उभं राहावं लागतं. बाक आहेत, पण त्या दिवशी ते तुम्हाला दिसणारसुद्धा नाहीत.

शेंगदाणा:
बाप रे. पण बाबांच्या दिव्यांचं काय करू? आणि दादा, एक विचारायला लाज वाटतेय, तिथल्या स्वच्छतागृहांचं काय? आईला खाली बसता येत नाही.

पुदोंगची_सून:
लाज कसली, माझ्या सासूबाईंचा पहिला प्रश्न तोच होता. नदीकाठची सार्वजनिक स्वच्छतागृहं स्वच्छ असतात, पण बहुतेक बसायची, आपल्यासारखी. खुर्चीवालं एखादं असतं, त्यापुढे रांग. मोठ्या मॉलमध्ये उरकून मगच काठावर जायचं. कागद पर्समध्ये ठेवायचाच.

मी नदीच्या पलीकडच्या तीरावर, पुदोंगला राहते. सुझोउकरांशी सहमत, पण बंड सोडू नका, वेळ बदला. २ तारखेला पहाटे जा. सूर्योदय पावणेसहाच्या आसपास आहे. बंड नदीच्या पश्चिमेला, म्हणजे सूर्य टॉवरांच्या मागून वर येतो आणि ऊन थेट जुन्या दगडी इमारतींवर पडतं. त्या वेळी कट्टा तिथल्या आजी-आजोबांचा असतो. कुणी ताई-ची करतंय, कुणी एवढ्या उंच पतंग सोडलाय की दोरा कुठे संपतो ते कळत नाही. आईंना बाकही मिळेल. कस्टम हाउसच्या घड्याळाचे टोले ऐकू येतात, रात्री त्या कल्लोळात कुठले. बुशर्ट घातलेले एक आजोबा तर रोज कठड्याला पाय लावून ताणत असतात, माझ्या सासूबाईंची आणि त्यांची ओळख झाली होती. भाषा शून्य. दोघंही गुडघ्यावर हात ठेवून तोंड वाकडं करायचे आणि हसायचे.

आणि दिवे बघायला उत्तर बंडला, बेइ-वायथानला जा. मेट्रोची १२ नंबरची लाइन, आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल स्टेशन. नदी तिथे वळते, त्यामुळे एका बाजूला टॉवर आणि दुसऱ्या बाजूला जुना बंड, दोन्ही दिसतात. तिथेही गर्दी असतेच, पण हातपाय हलवायला जागा असते. अंधार सहाच्या आधीच पडायला लागतो, लवकर जा, आठपर्यंत निघा. दहाच्या सुमाराला दिवे मालवतात आणि मग सगळं गाव एकदम घरी निघतं, त्यात सापडू नका.

टवाळ:
खिशाला परवडणारी सूचना: पैसे देऊन पर्यटक बोटीत बसण्यापेक्षा दोन युआनची फेरीबोट घ्या. नोकरदारांची आहे, स्कूटरसकट चढतात. भाऊच्या धक्क्याची आठवण येते, वास सोडून.

जुना_सुझोउकर:
टवाळ आज पहिल्यांदा कामाचं बोलला. फक्त त्या दिवशी कुठल्या धक्क्यावरून सुटते ते तिथल्या नकाशाच्या ॲपवर बघून घ्या, आपला नेहमीचा नकाशा तिकडे दगा देतो. आणि दोघांच्याही खिशात हॉटेलचं चिनी पत्त्याचं कार्ड ठेवा. बाबा पंचेचाळीसचे असले तरी.

शेंगदाणा: (४ ऑक्टोबर)
आई-बाबा सुखरूप पोचले, म्हणून वृत्तांत. १ तारखेला उत्तर बंड केला. बाबांनी कॉल लावला, आळीतल्या अकरा जणांनी एकदम उचलला आणि कुणालाच काही ऐकू आलं नाही. पण दिवे दिसले.

२ ला पहाटे टॅक्सीने वायथान. पाच चाळीसला पोचलो तरी फोटोवाले तिपाया लावून हजर होते. आईने कट्ट्यावर बसून थर्मासमधला चहा आणि दशम्या काढल्या. शेजारच्या बाकावरच्या आजींना एक दशमी दिली. त्यांनी वास घेतला, अर्धी खाल्ली, उरलेली रुमालात बांधली आणि पिशवीतून दोन मंडारिन संत्री काढून आईच्या ओच्यात टाकली. बुशर्टवाले आजोबा मात्र दिसले नाहीत.

सातनंतर लोक वाढायला लागले तशी पहिली शिट्टी वाजली. बाबा लगेच उठले, दोन्ही हात हलवत आईला म्हणाले, "वांग छ्येन झौ!" शेजारचा पोलीस वळून बघायला लागला.