मदत हवी आहे: अखंड अंधारातल्या गोल्डफिशच्या शंकूपेशी पहाटे आखडलेल्या दिसतात. जैविक घड्याळ की माझा लाल दिवा?

नमस्कार मंडळी,

एमएस्सी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प करते आहे. आमच्या विभागात डोळ्यावर काम करणारं कोणी नाही. गाइड सर मत्स्यसंवर्धनातले, त्यांनीच बाहेर विचारून बघ म्हणून सांगितलं. इथे हिस्टॉलॉजी आणि न्यूरोवाले बरेच जण आहेत, म्हणून हा धागा.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गोल्डफिशला पापण्या नाहीत आणि प्रकाश वाढला म्हणून आपल्यासारखी बाहुलीही झटकन लहान होत नाही. त्याऐवजी दृष्टिपटलातल्या पेशीच जागा बदलतात. उजेडात शंकूपेशींचा (भरपूर उजेडात पाहणाऱ्या पेशी) मायॉइड हा देठासारखा भाग आखडतो आणि त्या भिंगाच्या बाजूला सरकतात. दंडपेशी (मंद उजेडात पाहणाऱ्या) उलट लांबतात आणि मागच्या रंजकस्तरात जाऊन बसतात. त्या स्तरातले मेलॅनिनचे कण पुढे पसरून त्यांच्यावर सावली धरतात. अंधार झाला की सगळं उलट्या दिशेनं. ही हालचाल सावकाश होते, पूर्ण व्हायला अर्धा-पाऊण तास सहज जातो.

मला यात सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे की काही माशांमध्ये ही ये-जा उजेड नसतानाही चालू राहते. लेव्हिन्सन आणि बर्नसाइड यांनी १९८१ मध्ये दाखवलं की अखंड अंधारातही शंकूपेशींची लांबी दिवस-रात्रीच्या तालात बदलते. गोल्डफिशच्या दृष्टिपटलात घड्याळ आहे हे वांग आणि मँगेल यांच्या १९९६ च्या कामातून कळतं. त्यांनी आडव्या पेशींचे (शंकू-दंडपेशींकडून संकेत घेणाऱ्या, दृष्टिपटलातल्याच पेशी) विद्युत संकेत नोंदले होते: दिवसाच्या वेळी तिथे शंकूपेशींचं वर्चस्व, रात्रीच्या वेळी दंडपेशींचं. मी पाहते आहे ती मात्र शंकूपेशींची लांबी.

माझी मांडणी अशी. मासे १२ तास उजेड, १२ तास अंधार यावर सरावलेले, दिवे सकाळी ६ ला लागतात. मग अखंड अंधार, आणि दुसऱ्या दिवशी ठरावीक वेळांना नमुने. (प्राणी नैतिकता समितीची परवानगी आहे.) मध्यरात्रीच्या सेक्शनमध्ये (डोळ्याचा पातळ काप) शंकूपेशी लांब, मेलॅनिन मागे गोळा झालेलं. पहाटे साडेपाचच्या सेक्शनमध्ये शंकूपेशी स्पष्ट आखडलेल्या, उजेडातल्या माशांइतक्या नाहीत पण नक्की आखडलेल्या. मेलॅनिन मात्र जवळजवळ तिथेच. पहिल्यांदा हे मायक्रोस्कोपखाली दिसलं तेव्हा खूप आनंद झाला होता.

आता अडचण. अंधारात मासा पकडून बेशुद्ध करायचा, डोळा काढून डेव्हिडसन द्रावणात (पेशी आहेत तशा टिकवणारं रसायन) टाकायचा, हे सगळं लाल एलईडीच्या उजेडात करते. फोटोग्राफीच्या डार्करूममध्ये लाल दिवा चालतो, तो इथे चालेलच असं नाही. गोल्डफिशच्या लाल शंकूपेशींची संवेदनशीलता ६२५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते आणि बाजारातले साधे लाल एलईडी नेमके तिथेच प्रकाश देतात. म्हणजे माझ्या डोळ्याला मंद वाटणारा उजेड माशाला चांगलाच उजळ. दिवा दोन-तीन मिनिटंच लागतो, तेवढ्यात एवढी हालचाल होणार नाही असं मला वाटतं. पण द्रावण डोळ्यात झिरपेपर्यंत पेशी जिवंत असतात, तो वेळही धरायला हवा.

यावर एक उपाय सुचला: मध्यरात्री तेवढाच वेळ लाल दिवा दाखवून बघायचा, शंकूपेशी लांबच राहिल्या तर दिवा निर्दोष. पण हा पुरावा मलाच पटत नाही. घड्याळामुळे पहाटे त्या पेशी उजेडाला जास्त तत्पर असतील तर? मध्यरात्री न हलणारी पेशी पहाटे त्याच उजेडानं हलू शकेल.

दुसरा विचार असा की निम्म्या माशांचा दिवस-रात्र उलटा करायचा, आणि दोन्ही गटांचे नमुने एकाच वेळी, त्याच दिव्यात घ्यायचे. ज्यांची पहाट झाली त्यांच्याच शंकूपेशी आखडल्या तर घड्याळाचा हात आहे हे नक्की. तरीही ‘उजेडाशिवाय आखडतात’ असं मला लिहिता येणार नाही, कारण दिवा दोघांनाही लागलेला असेल. तेवढ्यासाठी इन्फ्रारेडच लागेल ना?

कोणी इन्फ्रारेडमध्ये डिसेक्शन केलं आहे का? ८५० नॅनोमीटरचे सीसीटीव्हीवाले दिवे स्वस्तात मिळतात, पण ते अंधुक लाल दिसतात. ९४० चेच घ्यावेत का? आणि स्क्रीनकडे बघत काम करायचं तर स्क्रीनचा उजेड कसा अडवता? गट उलटा केल्यावर मासे नव्या वेळेला रुळायला किती दिवस द्यावेत? आमच्याकडे वीज गेली की टायमर थांबतो आणि माशांची पहाट तेवढी पुढे सरकते, त्यासाठी बॅटरीवाला टायमर सुचवा. हीटरच्या बारीक इंडिकेटरवर काळी टेप लावली आहे, तशी आणखी कोणती जागा तपासावी?

हिस्टॉलॉजीवाल्यांसाठी एक वेगळा प्रश्न. मी बाह्य सीमापटलापासून (शंकूपेशींच्या बुडाशी दिसणारी रेघ) एलिप्सॉइडपर्यंतचं (मायॉइडच्या टोकाचा फुगीर भाग) अंतर मोजते आणि त्याला सीमापटल ते रंजकस्तराच्या तळापर्यंतच्या अंतरानं भागते, म्हणजे तिरक्या सेक्शनचा दोष कमी होतो. पण अंधारातल्या डोळ्यात दृष्टिपटल रंजकस्तरापासून सुटून येतं, उजेडातल्या डोळ्यात तसं होत नाही, आणि मग भागाकारच खोटा ठरतो. भिंग आधी काढते, तरी हे होतंच. काप घेण्याआधी डोळा पॅराफिनऐवजी रेझिनमध्ये बसवल्यानं फरक पडेल का?

मध्यरात्र आणि पहाट, दोन्हीचे स्लाइडचे फोटो आहेत. कोणाला बघायचे असतील तर प्रतिसादात टाकते.