बाबांची साठी, ताजचा हार्बर बार कसा आहे?

शनिवारी बाबांची साठी आहे, आयुष्यभर व्हीटीला उतरून फोर्टात नोकरी केली पण ताजच्या आत पाय नाही ठेवला, म्हणून म्हटलं हार्बर बारला नेऊया. कोणी गेलंय का? आई पीत नाही, धाकटा भाऊ २२ चा आहे.

गिरगावकर: बिनधास्त न्या. हॉटेल १९०३ चं, बार १९३३ चा, शहरातलं १ नंबरचं लायसन्स त्यांचंच. खिडकीतून गेटवे आणि बोटी दिसतात. जिनचं एक कॉकटेल पेटवून देतात, निळी ज्योत बघून आमची आई पदर सावरून मागे सरकली होती. भावाला मात्र बियरच, महाराष्ट्रात कडक दारूला २५ पूर्ण लागतात.

चर्नीरोडवाला: बिल बघून बाबाच ओरडतील हो! त्यापेक्षा दुपारी बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानिया, १९२३ चं इराणी, बेरी पुलाव खा आणि संध्याकाळी कुलाब्याला मोंडेगार, भिंतीवर मारिओ मिरांडांची चित्रं, बियर पण परवडते.

गिरगावकर: साठी एकदाच येते राव. फक्त चपला नकोत, बूट घाला.

मूळ प्रश्नकर्ती: ठरलं, ब्रिटानियात जेवण आणि ताजला एकेकच ग्लास. बूट घ्यायला उद्याच नेते त्यांना.