बस्तरच्या विस्थापितांनी आता परत जायचं का?

ऐरोलीकर
ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षल नेता भूपती ६० साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला, तेव्हापासून आमच्या कट्ट्यावर एकच सूर: नक्षलवाद संपत आला, आता छत्तीसगडच्या बस्तरमधून तेलंगणात पळालेल्या आदिवासींनी आपापल्या गावी जावं. मला नाही पटत. जून २००५ मध्ये सलवा जुडूम, म्हणजे सरकारच्या पाठिंब्याची नक्षलविरोधी मोहीम, सुरू झालं. छावणीत या, नाहीतर तुम्ही नक्षल्यांचे, असा सरळ हिशेब. छावणीत गेलात तर नक्षली मारणार. शेकडो गावं ओस पडली, हजारो लोक भद्राचलम-मुलुगूच्या जंगलात गेले. तिथे जन्मलेली पोरं आता मिसरूड फुटायच्या वयाची आहेत, त्यांना ‘परत’ कुठे पाठवणार? राहतात तिथेच आदिवासी (एसटी) असल्याचा दाखला द्या, घर द्या. मिझोराममधून हुसकावलेल्या ब्रू लोकांना २०२० च्या कराराने त्रिपुरात वसवलंच ना?

उरणचा आगरी
राहतात तिथेच वसवा म्हणजे मूळ जमिनीवर पाणी सोडा. बैलाडिलाचं लोखंड त्याच पट्ट्यात आहे, रिकामं गाव कोणाला हवंय ते सांगायला नको. आमच्या जमिनी सिडकोसाठी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघरला गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायचं दार उघडलं. दि. बा. पाटलांमागे लोक उभे राहिले ते गावात पाय रोवून होते म्हणून.

कळवा नाका
जुडूम जुडूम काय लावलंय? शाळा कोणी उडवल्या? बाल संघममध्ये, नक्षल्यांच्या पोरांच्या संघटनेत, पोरं कोणी ओढली? ते कोणी लिहीतच नाही.

ऐरोलीकर
नक्षल्यांनीच. वर लिहिलंय की ते मारत होते म्हणून. पण त्याच शाळांत जवानांचे तळही होते, आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाला ‘शाळा रिकाम्या करा’ असं सांगावं लागलं. जुडूमच्या पोरांना एसपीओ (विशेष पोलीस अधिकारी) करून हत्यारं देणंही त्याच वर्षी घटनाबाह्य ठरलं.

कोपरखैरणे सेक्टर ५
मुलुगूत रस्त्याच्या कामावर होतो. मिरची तोडणीचा हंगाम आला की वस्तीतली पोरं पहाटेच टेम्पोत, शाळा बोंबलली. एक मुलगी आमच्या मुकादमाशी फाडफाड तेलुगू बोलायची, आजीशी गोंडी. हिंदीत ‘पानी’च्या पुढे गाडी जाईना. तिला बस्तरमधल्या सुकम्यात हिंदी शाळेच्या कितवीत बसवणार? आजीला मात्र गावी जायचंय. तिकडची मोहाची झाडं कोणाकोणाची, हे तिला अजून तोंडपाठ.

ठाणे पूर्व
तेलंगणातल्या कोया आदिवासींचंही ऐका की. ते स्वतःच पोडूच्या, म्हणजे जंगल साफ करून कसलेल्या, जमिनीच्या पट्ट्यांसाठी वर्षानुवर्षं भांडतायत. बाहेरून आलेल्यांना एसटी दाखला दिला तर नोकऱ्या, वसतिगृहातल्या जागा त्यांच्याच वाट्यातून जाणार. एसटीची यादी राज्यागणिक वेगळी असते. ऐरोलीत बसून दाखले वाटणं सोपं आहे.

ऐरोलीकर
मुद्दा बरोबर. नोकऱ्यांचं नंतर बघू, निदान पोरांना वसतिगृह मिळू दे, एवढं वेगळं काढता येईल. आणि उरणकर दादा, तुमच्या आजोबांच्या नावावर सातबारा होता. यांच्या हातात काय? वनहक्क कायद्यात बेकायदा हुसकावलेल्यांना पर्यायी जमीन आहे, पण १३ डिसेंबर २००५ च्या आधी हुसकावलेल्यांना. जुडूमने त्यानंतर उठवलेली गावं त्यात बसतच नाहीत.

उरणचा आगरी
मग ती तारीख पुढे सरकवा म्हणून भांडा ना! आजीने सांगितलेली मोहाची झाडं पुरावा म्हणून लिहून घ्या. जमीन सोडा हे मात्र सांगू नका.