'मेड इन इंडिया' काळजातून आलं म्हणे!

वैतागलेला वेताळ

जुनंसोनं ताईंचा परवाचा लेख वाचला. ज्यांचा सुटला असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ताई रिक्षात बसल्या होत्या, रेडिओवर अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' लागलं, ताई थेट १९९५ सालात जाऊन पोचल्या, डोळे भरून आले. इथवर माझी काही तक्रार नाही. पण मग शेवटी ते ठरलेलं वाक्य आलंच. 'आमच्या वेळची गाणी काळजातून यायची, आताची नुसती रीलपुरती.' खाली 'अगदी मनातलं बोललात' म्हणणाऱ्यांची रांग. तिथेच लिहायला घेतलं होतं, लांबलं, म्हणून वेगळा धागा.

काळजातून? अहो, ते गाणं बिद्दूचं. या माणसानं १९७४ साली इंग्लंडात 'कुंग फू फायटिंग' काढलं. १९८० साली 'कुर्बानी'साठी नाझिया हसनकडून 'आप जैसा कोई' गाऊन घेतलं, ती तेव्हा शाळकरी मुलगी होती. पुढच्याच वर्षी 'डिस्को दीवाने'. लोकांच्या कानात काय अडकून बसतं याची नाडी सापडलेला पक्का कारागीर. कारागिरी म्हणा, मी पहिला नमस्कार करीन. काळीज मधे आणू नका.

आणि आपण ते निवडलं तरी कुठे होतं? केबलवाला दाखवील ते बघायचं. चॅनेल व्ही लावला की त्या गाण्याच्या व्हिडिओतल्या खोक्यातून मिलिंद सोमण निघालाच. इतक्या वेळा एखाद्यानं पाढे म्हटले असते तर तेही आज आपल्याला हळवे वाटले असते.

माझी कहाणी ऐका. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, हॉस्टेल. शेजारच्या खोलीतल्या महाभागानं साठ मिनिटांची कोरी कॅसेट आणून तिच्या दोन्ही बाजूंना हे एकच गाणं भरून घेतलं होतं. पाचेक मिनिटांचं गाणं. या बाजूला सहा वेळा, त्या बाजूला सहा वेळा. मध्ये खटकन बटण उडालं की मला वाटायचं सुटलो. मग कॅसेट उलटी केल्याचा आवाज. गणित तीनच्या पेपराला लाप्लास ट्रान्सफॉर्म लिहायला बसलो आणि डोक्यात चाल सोडून काही येईना. केटी लागली, म्हणजे विषय राहिला. त्यामुळे या गाण्याच्या नावानं कोणी डोळे पुसायला लागलं की माझं डोकं फिरतं.

जुनंसोनं

तुमची केटी लागली त्यात अलिशाचा काय दोष? अभ्यास केला होतात का, तो प्रश्न आधी.

मी समीक्षा लिहिली नव्हती, आठवण लिहिली होती. आमच्याकडे कॅसेट विकत घेण्याची पद्धत नव्हती. टीव्हीवर गाणं लागलं की टेपरेकॉर्डर उचलून टीव्हीच्या जाळीला चिकटवायचा, 'रेकॉर्ड' आणि 'प्ले' एकदम दाबायचं आणि घरातल्या सगळ्यांनी श्वास रोखायचा. माझ्या कॅसेटमध्ये दुसरं कडवं सुरू होता होता आई ओरडते, "अगं, दूध बघ!" मग माझे पळतानाचे पाय, मग उरलेलं गाणं. आजही कुठेही ते गाणं लागलं की त्या जागी मला दूध ऐकू येतं. कॅसेट आहे, वाजवायला यंत्र नाही. आईला जाऊन नऊ वर्षं झाली.

वैतागलेला वेताळ

ताई, मग मी तरी दुसरं काय म्हणतोय? कॅसेट मोलाची आहे ती आईच्या आवाजामुळे. त्या जागी कपडे धुण्याच्या पावडरीची जाहिरात असती तरी तुम्ही ती जपून ठेवली असती. गाणं निमित्त.

गुळाचा खडा

वेताळा, मुद्दा बरोबर असेल, पण कुणाच्या गेलेल्या आईवर तो सिद्ध करायची गरज होती का?

वैतागलेला वेताळ

नव्हती. जाहिरातीचं वाक्य मागे घेतो. मुद्दा घेत नाही.

दीडशहाणा

वेताळांच्या बाजूनं पुरावा देतो. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८ साली दाखवून दिलं की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली की केवळ तेवढ्यानंच ती आवडू लागते. शिवाय साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयात बाकीच्यांपेक्षा जास्त येतात, हेही अभ्यासलं गेलंय. तेव्हा 'आमची गाणी भारी' हा निष्कर्ष निघत नाही, 'आमचं वय भारी' एवढाच निघतो.

अवांतर: ताईंच्या लेखात 'एमटीव्हीवर १९९५ ला सारखं लागायचं' असं आहे. स्टारनं एमटीव्ही १९९४ लाच बंद करून त्या जागी चॅनेल व्ही आणला. भारतासाठीचा वेगळा एमटीव्ही आला तो १९९६ ला.

जुनंसोनं

झायन्सला सांगा, हॉस्टेलमध्ये बारा-बारा वेळा ऐकून वेताळांना का नाही आवडलं ते.

आप्पा रेडिओवाले

हाहाहा. ताईंनी विकेट काढली.

मुलांनो, मी सत्तरी ओलांडली आहे, तेव्हा तुमचं १९९५ मला कालपरवाचं. आमच्या वडिलांचा किस्सा सांगतो. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. चांगला आपला मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा भोक्ता. त्यांना सिनेमाची गाणी थिल्लर वाटायची, म्हणून आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. झालं काय? अख्खा देश रेडिओ सिलोनकडे वळला आणि अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' घराघरात पोचली. शेवटी १९५७ ला सरकारला विविध भारती काढावी लागली. वडील सिलोनसाठी रेडिओच्या तारेला दुसरी तार जोडून ती गच्चीवर नेत, आणि आजोबा खालून ओरडत, "बंद कर ते थेर!" थेर म्हणजे कोणती गाणी, तर जी आज तुम्ही 'सुवर्णकाळ' म्हणून ऐकता ती.

मी स्वतः १९९५ ला माझ्या मुलीवर 'मेड इन इंडिया'साठी ओरडलेलो आहे. आज तिची मुलगी काहीतरी पुटपुटतं गाणं ऐकते आणि मुलगी तिच्यावर ओरडते. मी मध्ये पडत नाही. मजा बघतो.

काडीपेटी

हिंदी पॉपवर इतका खल, पण आपल्या मराठीचं काय? बाबा सेहगल, अलिशा, लकी अली, दलेर मेहंदी, सगळे आले. पंजाब्यांनी अख्ख्या देशाला नाचवलं. आणि आपण? भावगीतं ऐकत बसलो होतो, हातात वाफाळता चहा. मराठीत पॉप असं काही नव्हतंच. २००२ ला वैशाली सामंत आणि अवधूत गुप्तेंचं 'ऐका दाजिबा' येईपर्यंत ठणठणाट. मराठी माणसाला मजा करायची लाज वाटते, हे माझं जुनं दुखणं आहे.

दीडशहाणा

कोळीगीतं होती की. 'मी डोलकर' लताबाईंनी गायलंय.

काडीपेटी

ते पॉप नव्हे. ते गॅदरिंग.

भरदुपार

गॅदरिंगचा विषय निघालाच आहे तर आता बोलतेच.

काडीपेटी, मराठीत पॉप नव्हतं? आनंद शिंदेंचं 'नवीन पोपट हा' काय होतं? ऐंशीच्या दशकातलं. एसटी स्टँडवर, टेम्पोत, लग्नाच्या वरातीत, बँडवाल्याच्या पिपाणीवर, कुठे वाजत नव्हतं? ना सिनेमा, ना चॅनेल, ना मॉडेल. नुसत्या कॅसेटच्या जोरावर गावोगाव गेलं. लोकांत वाजतं ते पॉप, एवढीच माझी व्याख्या आहे. तुमच्या घरात वाजलं नाही म्हणून ते नव्हतं असं होत नाही.

मी तालुक्याच्या गावातली. १९९६ चा जानेवारी, आठवीत होते. आमच्या वर्गातून बाईंकडे दोन नाच गेले. एक गावातल्या वकिलांच्या मुलीच्या ग्रुपचा, 'मेड इन इंडिया'वर. दुसरा आम्हा चौघींचा, 'पोपट'वर. पहिली कॅसेट बाईंनी लावलीसुद्धा नाही. नाव वाचलं आणि म्हणाल्या, "छान, देशभक्तीपर आहे." (हो. देशभक्तीपर.) आमची लावली आणि मुखडा संपायच्या आत बंद केली. "असलं वस्तीतलं आपल्या शाळेत नको." आम्ही चौघी त्याच वस्तीतून यायचो. बाईंनी कॅसेट परत दिली ती दोन बोटांच्या चिमटीत धरून, फडक्याला धरतात तशी. मी ती स्कर्टच्या खिशात घातली आणि दिवसभर हात खिशातून काढला नाही.

म्हणून मला 'मेड इन इंडिया' ऐकून काही होत नाही. चाल छान आहे, एवढंच.

खडूफळा

मी तीस वर्षं शिक्षिका होते, त्यामुळे बाईंची बाजू कोणीतरी मांडायला हवी. गॅदरिंगला खाली पालक बसलेले असतात, संस्थेचे लोक असतात. 'पोपट' सरळसरळ द्वयर्थी आहे. आठवीच्या मुलींना त्यावर नाचू न देणं यात जात, वस्ती कुठून आली? आजकाल प्रत्येक गोष्टीला तोच चष्मा लावायचा. आम्ही काय काय सांभाळायचं!

भरदुपार

चष्मा मी नाही लावला बाई, शब्द त्यांनी वापरला. 'द्वयर्थी' म्हणाल्या असत्या तर मी आज हे लिहिलं नसतं.

आणि द्वयर्थीचं म्हणाल तर १९९४ ला खटिया सरकवायचं हिंदी गाणं गणपतीच्या मांडवात वाजत होतं. त्यावर कोणाच्या घरात 'असलं नको' झालं? हिंदीत आलं की चावट, आमच्याकडून आलं की घाण.

काडीपेटी

घ्या. पॉपच्या धाग्यावर सामाजिक न्याय. पॉपकॉर्न आणतो.

भरदुपार

आणा. येताना स्वतःच्या दुखण्यावर औषधही आणा. मराठी माणसाला मजा करायची लाज वाटते म्हणालात ना? ज्यांना वाटत नव्हती, त्यांना तुम्ही मराठी माणसांत मोजलंच नाही.

संपादक

वैयक्तिक शेरे टाळा. मधले दोन प्रतिसाद उडवले आहेत.

आप्पा रेडिओवाले

उडवले नसते तरी चाललं असतं, माझे वाचून झाले होते.

भरदुपार, तू म्हणतेस त्यात माझ्या घरचंच उदाहरण देतो. आषाढीला पहाटे आमच्याकडे 'पाऊले चालती पंढरीची वाट' लागलंच पाहिजे. गायलंय कोणी, तर प्रल्हाद शिंदेंनी. आनंद शिंदेंचे वडील. बापाचा अभंग देव्हाऱ्याशेजारी आणि पोराचा पोपट उंबऱ्याबाहेर. हे माझ्या इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं. आज आलं.

दीडशहाणा

अभंग नव्हे आप्पा, भक्तिगीत. दत्ता पाटलांनी लिहिलेलं.

आप्पा रेडिओवाले

तुझं नाव कोणी ठेवलं रे? अगदी विचार करून ठेवलंय.

गुळाचा खडा

आप्पांना जोडून. २००६ ला 'जत्रा'त 'कोंबडी पळाली' आलं. गाणारे आनंद शिंदेच, सोबत काडीपेटींच्या दाजिबाच्या वैशाली सामंत. आमच्या सोसायटीतल्या ज्या काकू 'पोपट' वाजला की खिडकी लावून घेत, त्या काकू विसर्जनाच्या मिरवणुकीत पदर खोचून नाचल्या. आवाज तोच. फक्त पाठीमागे अजय-अतुल आणि मोठा पडदा आला, तसं पावित्र्यही आलं.

खडूफळा

'वस्तीतलं' हा शब्द चुकलाच. तो त्या बाईंनी वापरायला नको होता, एवढं मान्य करते. गाण्याबद्दल माझं मत तेच आहे. आणि खरं सांगायचं तर 'मेड इन इंडिया' तरी त्यांनी पूर्ण ऐकायला हवं होतं, देशभक्ती कुठे आहे ते शोधायला.

काडीपेटी

बरं बाबा. पोपट पहिला, दाजिबा दुसरा. मी हरलो. सन्मानचिन्ह कुठे पाठवू, पत्ता कळवा.

भरदुपार

कॅसेटच्या दुकानात पाठवा. सापडलं तर.

जुनंसोनं

भरदुपार, मी मघापासून लिहू की नको करत होते. आमच्याही शाळेत त्याच वर्षी 'मेड इन इंडिया' झालं होतं. मुलींची शाळा, त्यामुळे उंचीवरून निवड होऊन मी मिलिंद सोमण झाले होते. फ्रिजच्या खोक्यातून बाहेर यायचं. ऐन वेळी खोक्याचं झाकण आतून उघडेना, बाहेर संगीत संपत आलेलं, मी आत गुडघे मारतेय. शेवटी खोक्यासकट आडवी झाले. प्रेक्षकांना वाटलं तसंच बसवलंय. टाळ्या पडल्या.

आमच्याकडे दुसरा कुठला नाच नाकारला होता का, हे मला माहीतच नाही. कधी विचारलंच नाही. आज वर्गाच्या ग्रुपवर विचारलं. अजून कोणी उत्तर दिलेलं नाही, बघून मात्र सगळ्यांनी ठेवलंय.

भरदुपार

आमच्या गॅदरिंगलाही फ्रिजचंच खोकं होतं. आम्ही चौघी मागच्या रांगेत बसून ते पडावं म्हणून देवाचा धावा करत होतो. पडलं नाही. तुमचं पडलं हे वाचून फार बरं वाटलं, राग मानू नका.

जुनंसोनं

नाही मानला. तीस वर्षं उशिरा का होईना, देवानं ऐकलं. शाळा चुकली फक्त.

वैतागलेला वेताळ

धागा माझा आणि मलाच कोणी विचारत नाही. असो. मूळ मुद्दा अजून उभा आहे: तुम्ही सगळ्यांनी खोकी, दूध, स्कर्टचे खिसे, गच्चीवरची तार यांवर लिहिलंत. गाण्यावर कोणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. म्हणजे मी जिंकलो.

केटी ऑक्टोबरात सुटली, कोणी विचारलं नाही तरी सांगतो. त्या वर्षअखेरीस शेजारच्यानं तीच कॅसेट पुसून तिच्यावर लकी अलीचं 'ओ सनम' भरलं. सहा वेळा आणि सहा वेळा. पण तेव्हा मी भिंतीला कान लावून ऐकायचो. रात्री दिवे गेले की तो सेल घालून लावायचा, सेल उतरत आले की गाणं हळूहळू जड होत जायचं, आणि आम्ही सगळे गॅलरीत अंधारात बसून तसंच ऐकायचो. ते गाणं मात्र वेगळं होतं. ते खरोखर आतून आलेलं होतं. त्याची तुलना या बाकीच्यांशी करू नका.

जुनंसोनं

काळीज मधे आणू नका, वेताळराव.