जुना कागदी नकाशा जीआयएसमध्ये घेतला, पण नाले सरकले आणि क्षेत्रही जुळत नाही

प्रश्न

नमस्कार. येत्या हंगामातल्या झाडतोडीचं नियोजन करायचं आहे, म्हणून जंगलाच्या कंपार्टमेंटचा (क्रमांक दिलेल्या तुकड्यांचा) जुना नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये (जीआयएस) उतरवतोय. नकाशा १:१५,००० चा, हाताने शाई भरलेला, वर्षानुवर्षं चार घड्या घालून ठेवलेला. ३०० डीपीआयला स्कॅन केला, चार कोपऱ्यांवर जमिनीवरची जागा माहीत असलेले चार बिंदू दिले, पॉलिनॉमिअल १ (सगळा नकाशा एकसारखा फिरवून-ताणून बसवणारं साधं गणित) लावलं. आरएमएस एरर (दिलेल्या बिंदूंवरची सरासरी चूक) दोन पिक्सेलच्या आत आली, म्हणून निर्धास्तपणे कामाला लागलो. आठवडाभर बसून १४ कंपार्टमेंट, नाले आणि गाडीरस्ते काढले.

आता उपग्रह चित्रावर टाकून पाहतो तर कडेला सगळं बरोबर बसतंय, मध्यभागी मात्र नाले ३५-४० मीटर सरकलेले. तेही एका दिशेने नाही. एका ठिकाणी उत्तरेला, जरा पुढे गेलं की पूर्वेला. कंपार्टमेंट ७ नोंदवहीत ३२.५ हेक्टर आहे, माझ्याकडे ३४.१ येतंय. तोड नेमकी ७ आणि ८ मध्येच आहे. चित्र बघून सगळ्या रेषा हाताने सरकवू का? की पुन्हा पहिल्यापासून?

प्रतिसाद १

रेषांना आत्ताच हात लावू नका, आधी जिओरेफरन्सिंग, म्हणजे स्कॅन जमिनीवरच्या जागेशी जुळवणं, नीट करा. सगळीकडे सारख्याच अंतराने आणि एकाच दिशेने सरकलं असतं तर डेटम (अक्षांश-रेखांश मोजायचा पाया) किंवा प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत) चुकलंय म्हटलं असतं. समासात छापलेला डेटम आणि तुम्ही निवडलेला डेटम वेगळे असले की सगळा नकाशा एकगठ्ठा सरकतो. तुमच्याकडे दिशा बदलतेय, म्हणजे दोष कागदाचा. घड्यांवर कागद ताणला जातो, दमटपणाने एका दिशेला जास्त फुगतो, स्कॅनरच्या काचेवर सपाट बसत नाही.

पॉलिनॉमिअल १ ला किमान तीन बिंदू लागतात. तुम्ही चार दिले, म्हणजे पडताळणीला जेमतेम एक उरला, तोही कोपऱ्यातला. मध्ये काय चाललंय हे त्या आरएमएसला कळायला मार्गच नव्हता.

नकाशावर ग्रिडच्या (आडव्या-उभ्या चौकटींच्या) रेषा असतील तर त्यांच्या छेदबिंदूंवर २०-२५ बिंदू द्या, घडीच्या दोन्ही बाजूंना जरा दाट. मग थिन प्लेट स्प्लाइन लावा, ती नकाशा जागोजागी वेगवेगळा ताणून बसवते. एक मात्र लक्षात असू द्या: स्प्लाइन दिलेल्या प्रत्येक बिंदूतून जातेच, त्यामुळे तिथे चूक शून्य दिसणार आणि त्या शून्याला काही अर्थ नाही. पाच-सहा बिंदू मुद्दाम बाहेर ठेवा, आणि नकाशा बसवून झाल्यावर त्यांच्यावर मोजा. खरी चूक तिथे कळेल.

प्रतिसाद २

क्षेत्राबद्दल. हद्दीच्या शाईची जाडी किती आहे? अर्धा मिलिमीटर असेल तर १:१५,००० ला ती रेष जमिनीवर ७.५ मीटर रुंद झाली. ३२ हेक्टरच्या कंपार्टमेंटचा परीघ साधारण २.६ किलोमीटर धरा. तुम्ही रेषेच्या मधोमध न जाता बाहेरच्या कडेने गेला असाल तर जवळजवळ १ हेक्टर तिथेच वाढला. बाकीचं कागदाच्या ताणाचं असू शकेल.

७ आणि ८ ची सामाईक हद्द दोनदा काढलीत का? दोनदा काढली की मध्ये फटी आणि चिंचोळे तुकडे राहतात. एकदाच काढा, स्नॅपिंग (बिंदू आपोआप जवळच्या रेषेला चिकटवणं) चालू ठेवा, शेजारच्या पॉलिगॉनला (बंद आकृतीला) ट्रेसिंग (आधीच्या रेषेवरून गिरवणं) वापरा. हद्द नाल्यानेच जात असेल तर आधी नाला काढा आणि हद्द त्याच्यावरून ट्रेस करा.

प्रतिसाद ३

वरचं सगळं बरोबर आहे, पण मला नाल्यांची काळजी जास्त वाटते. हद्दीत हेक्टरभर इकडेतिकडे झालं तर हिशेब दुरुस्त करता येतो. नाला ४० मीटर सरकलेला असेल आणि तुम्ही दोन्ही काठांना ३० मीटरचा राखीव पट्टा टाकला, तर तो पट्टा कोरड्या उतारावर पडतो आणि खरा नाला पट्ट्याच्या बाहेर उघडा राहतो.

आमच्या एका तोडीत हेच झालं. नकाशावर नाला डोंगराच्या सोंडेच्या पलीकडे दाखवला होता. तोडायच्या झाडांवर खूण करणाऱ्या मार्किंगवाल्यांनी नकाशा प्रमाण मानला आणि काठावरच्या १९ झाडांवर खुणेचा हातोडा पडला. चार तुटल्यावर एका वनरक्षकाच्या लक्षात आलं. तोवर त्या चार झाडांच्या मुळांनी धरलेला काठ मोकळा झाला होता, आणि पुढच्या पावसात तो ढासळला. तो काठ अजून डोळ्यांसमोर येतो. तेव्हापासून मी कोणताही नाला पायी चालल्याशिवाय नियोजनात घेत नाही.

म्हणून ७ आणि ८ मधले नाले जीपीएस घेऊन चाला. दाट झाडीखाली हातातला जीपीएस ५-१० मीटर चुकतो, तरी ४० पेक्षा कितीतरी बरा. डिजिटाइझ करताना (संगणकावर रेष काढताना) नाला वरून खाली, पाण्याच्या दिशेनेच काढा. गाडीरस्त्यांची टोकं एकमेकांना स्नॅप झालीत का तेही बघा. मीटरभराची फट राहिली तरी तोडलेल्या लाकडाच्या ओढाईचं अंतर काढताना सॉफ्टवेअर रस्ता तुटलेला धरतं.

चित्र बघून नाला सरकवला तर चालेल, हद्द नाही. हद्द कागदपत्रं आणि सीमास्तंभ ठरवतात. स्तंभांवर जाऊन जीपीएस वाचन घ्या, त्यांचा वेगळा लेयर (थर) ठेवा. आणि प्रत्येक रेषेला दोन रकाने जोडाच: स्रोत कोणता आणि अंदाजे चूक किती मीटर. पुढे हा लेयर दुसऱ्याच्या हातात जाईल; कोणती रेष चालून काढली आणि कोणती शाईवरून, हे त्याला दिसलं पाहिजे.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रिडवर २४ बिंदू दिले, सहा बाहेर ठेवले. त्या सहांवर आता ६ ते ९ मीटर चूक येते. रेषेच्या मधून पुन्हा काढल्यावर कंपार्टमेंट ७ चं क्षेत्र ३२.९ आलं, मी खरंच बाहेरच्या कडेने गेलो होतो.

काल ७ मध्ये चाललो. दोन नाले जागेवर मिळाले. तिसरा नकाशावर नव्हताच. सोंडेच्या पायथ्याशी, फुटभर रुंद, पण पाणी वाहतं होतं. तो चालून घेतला, स्रोताच्या रकान्यात ‘जीपीएस’ लिहिलं. त्याच्या पट्ट्यात गाडीरस्त्याचा एक फाटा येतोय, तो आता वरच्या अंगाने न्यावा लागेल. ८ उद्या.