मॅचच्या वेळी टीव्ही अडकतो, त्यावर सोसायटी ग्रुपवरची चर्चा

*शिल्पा गोरे (बी-४०२)*
नमस्कार मंडळी. साडेसातची मॅच टीव्हीवर लावली की चार-पाच ओव्हर नीट जातात, मग ते गोल चक्र फिरत बसतं. ब्रॉडबँड १०० एमबीपीएसचं आहे. मोबाईलवर स्पीड टेस्ट केली तर ९० च्या पुढे आकडा येतो. कंपनीवाले २०० चा प्लॅन घ्या म्हणतात. घ्यावा का?

*पराग देशमुख (सी-७०१)*
ताई, थांबा. पैसे नका घालवू. फुल एचडी मॅचला ८ ते १० एमबीपीएस पुरतात, फोर-के असेल तर २५ धरा. १०० मध्ये हे आरामात बसतं. मोबाईलवरची टेस्ट मोबाईलचं वायफाय कसं आहे ते सांगते, टीव्हीचं नाही. टीव्हीच्याच ब्राउझरमध्ये फास्ट डॉट कॉम उघडा. ब्राउझर नसेल तर टीव्हीच्या प्ले स्टोअरमधून स्पीड टेस्टचं ॲप घ्या. आणि ही टेस्ट दुपारी नको, रात्री आठला करा. तेव्हा अख्ख्या बिल्डिंगचे राउटर एकदम कामाला लागलेले असतात.

*शिल्पा गोरे (बी-४०२)*
आत्ताच केली. टीव्हीवर ६ येतोय!

*पराग देशमुख (सी-७०१)*
मग दोष बाहेरच्या लाइनचा नाही, राउटर आणि टीव्हीच्या मधल्या वायफायचा आहे. राउटर वायफाय दोन बँडवर देतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. टीव्ही बहुतेक २.४ वर जोडलेला असणार. या बँडमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल (टीव्हीचे नव्हे, वायफायच्या लेन म्हणा) तीनच: १, ६ आणि ११. आपल्या एका मजल्यावर चार फ्लॅट, शिवाय वरचे-खालचे. म्हणजे दहा-बारा राउटर त्या तीन चॅनेलमध्ये दाटीवाटीने बसलेत. त्यात मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथ हेडफोनही याच बँडवर. २०० चा प्लॅन घेतलात तरी टीव्हीवर तेच ६ दिसतील.

टीव्हीच्या सेटिंग्ज > नेटवर्कमध्ये जाऊन ५ गिगाहर्ट्झचं नाव निवडा. दोन्ही बँडना एकच नाव असेल तर राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन वेगळी नावं द्या, नाहीतर टीव्ही स्वतःहून २.४ लाच चिकटून राहतो. एक मर्यादा लक्षात ठेवा, ५ गिगाहर्ट्झ आरसीसी भिंतीत लवकर दम तोडतं. एक भिंत चालते, दोन झाल्या की अवघड. फोनवरच्या वायफाय ॲनालायझर ॲपमध्ये टीव्हीच्या जागी सिग्नलची ताकद उणे ६५ डीबीएम किंवा त्याहून चांगलं, म्हणजे उणे ६०, उणे ५५ असं दिसलं पाहिजे. उणे ७५ असेल तर मॅच अडकणारच.

आणि राउटर टीव्हीच्या मागे किंवा टीव्ही युनिटच्या कप्प्यात ठेवू नका. टीव्हीच्या मागचा पत्रा सिग्नल खातो.

*शिल्पा गोरे (बी-४०२)*
५ चं नाव टीव्हीला दिसतच नाही. मोबाईलला दिसतं.

*इम्रान शेख (ए-६०४)*
दोन शक्यता, शिल्पाताई. एक, राउटरने ५ गिगाहर्ट्झमध्ये ५२ ते १४४ मधला चॅनेल धरलाय. ते रडारसोबत वाटून घ्यायचे चॅनेल आहेत आणि कितीतरी टीव्ही ते शोधतच नाहीत. राउटरमध्ये चॅनेल ऑटोवरून काढून ३६ किंवा ४४ करा, टीव्ही बंद-चालू करा, पुन्हा शोधा.

तरीही दिसलं नाही तर टीव्ही फक्त २.४ वाला आहे. ३२ इंची स्वस्त मॉडेलमध्ये हे सर्रास असतं. मग सरळ लॅन केबल टाका. माझ्या मते ज्यांचा राउटर आणि टीव्ही एकाच खोलीत आहे त्यांनी वायफायच्या भानगडीत पडूच नये. कॅट-५ई किंवा कॅट-६, दोन्ही चालतात, लांबी १०० मीटरपर्यंत. टीव्हीचा लॅन पोर्ट बहुतेक १०० एमबीपीएसचाच असतो, त्यामुळे टेस्टमध्ये ९०-९४ वर आकडा थांबला तर घाबरू नका. ते मॅचला भरपूर झालं.

केबल भिंतीतून न्यायची असेल तर लाइटच्या वायरच्या पाइपातून नेऊ देऊ नका, इलेक्ट्रिशियन कितीही सोपं आहे म्हणाला तरी. वेगळी पट्टी मारा. केबलच्या टोकांना प्लग (क्लिप) बसवताना दोन्हीकडे आतल्या तारांचा एकच रंगक्रम हवा. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

*सावंत काका (ए-१०३)*
आमच्याकडे वेगळंच आहे. वायफाय जोडलेलं दाखवतं, पण ॲप उघडलं की "नो इंटरनेट". सुनेच्या मोबाईलवर सगळं चालतंय.

*इम्रान शेख (ए-६०४)*
काका, टीव्हीची तारीख बघा. सेटिंग्ज > सिस्टिम > डेट अँड टाइम. लाइट जाऊन आल्यावर घड्याळ काही टीव्हींमध्ये जुन्या तारखेवर जातं. तारीख चुकीची असली की ॲपच्या सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र टीव्हीला खोटं वाटतं आणि तो जोडणी नाकारतो. ऑटोमॅटिक बंद करून हाताने तारीख-वेळ घाला, ॲप चाललं की पुन्हा ऑटोमॅटिक करा.

*सावंत काका (ए-१०३)*
जानेवारी १९७० दाखवत होता! बदललं, लागलं. आता ॲप उघडतंय पण पाच मिनिटांत आपोआप बंद होतं.

*इम्रान शेख (ए-६०४)*
जागा भरली असेल. ८ जीबीच्या टीव्हीत सिस्टिमच निम्मी जागा घेते. सेटिंग्ज > ॲप्स > सी ऑल ॲप्स मध्ये जाऊन न वापरलेली ॲप्स काढा. मग मॅचच्या ॲपवर जाऊन "क्लिअर कॅश" करा. "क्लिअर डेटा" दाबू नका, त्याने लॉगिन जातं आणि साडेसातला सगळा देश लॉगिन करत असताना ओटीपी वेळेवर येईलच असं नाही. त्यानंतर टीव्ही पूर्ण रीस्टार्ट करा. रिमोटचं बटण दाबून टीव्ही फक्त झोपतो. भिंतीवरचा स्विच बंद करून एक मिनिट थांबा.

*वैशाली कुलकर्णी (बी-२०५)*
जुन्या टीव्हीला नेटवरून व्हिडिओ दाखवणारी स्टिक लावली आहे. मॅचच्या मध्येच ती स्वतःहून बंद होऊन लोगोपासून सुरू होते. स्टिक खराब?

*इम्रान शेख (ए-६०४)*
वैशालीताई, स्टिकची यूएसबी वायर टीव्हीच्या पोर्टमध्ये लावलीय का?

*वैशाली कुलकर्णी (बी-२०५)*
हो, तिथेच. म्हणजे वायर लोंबत नाही.

*इम्रान शेख (ए-६०४)*
तेच कारण. टीव्हीचा यूएसबी २.० पोर्ट ०.५ अँपिअर देतो, स्टिकला ५ व्होल्ट १ अँपिअर लागतो. साध्या मेन्यूत भागतं, पण लाइव्ह व्हिडिओ सुरू झाला की ताण येतो आणि ती रीस्टार्ट होते. सोबत आलेला अडॅप्टर भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. डब्यात जी छोटी एचडीएमआय एक्स्टेन्शन वायर येते तीही लावा, स्टिक टीव्हीच्या पाठीपासून दूर राहते, कमी तापते आणि वायफायही बरं पकडते.

फायर स्टिक असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये "मॅच ओरिजिनल फ्रेम रेट" चालू करा. आपल्याकडचं क्रिकेट सेकंदाला ५० फ्रेमवर येतं आणि स्टिक ६० वर चालत असते, म्हणून कॅमेरा चेंडूमागे सीमारेषेकडे फिरतो तेव्हा चित्र बारीक हिसके खातं. ते नेटचं अडकणं नव्हे.

*पराग देशमुख (सी-७०१)*
👆 हे फार महत्त्वाचं. गोल चक्र आलं तर नेट, हिसके आले तर फ्रेम रेट, चित्र धूसर होऊन पुन्हा साफ झालं तर स्पीड खाली-वर होतोय. तक्रार करताना यातलं नेमकं काय होतंय ते लिहा, म्हणजे उत्तर लगेच देता येईल.

*शिल्पा गोरे (बी-४०२)*
चॅनेल ३६ केला, ५ चं नाव दिसलं! टीव्हीवर आता ७२. 🙏 पण समालोचन बारीक आणि प्रेक्षकांचा गोंगाट मोठा येतो. मराठी समालोचन लावलंय.

*पराग देशमुख (सी-७०१)*
साउंडमध्ये डिजिटल आउटपुट "पीसीएम" करा आणि व्हर्च्युअल सराउंड बंद. सराउंड आवाजात बोलणं मधल्या स्पीकरकडे पाठवलेलं असतं, दोन स्पीकरच्या टीव्हीत किंवा साउंडबारमध्ये ते नीट मिसळलं नाही तर दबतं. "क्लिअर व्हॉइस" असा पर्याय असेल तर तो चालू करा.

*वैशाली कुलकर्णी (बी-२०५)*
एक विनंती. विकेट पडली की लगेच ग्रुपवर टाकू नका. आमच्याकडे ती अर्ध्या मिनिटाने पडते.

*पराग देशमुख (सी-७०१)*
रास्त आहे. ॲपचा व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि टीव्ही असे दोन-तीन तुकडे साठवूनच दाखवायला लागतो. डीटीएच काही सेकंदच मागे असतं, स्ट्रीमिंग २० ते ४० सेकंद. हे शून्य होत नाही. पण मध्ये पॉज केलं असेल किंवा चक्र फिरून पुढे सरकलं असेल तर आणखी मागे पडता. "गो लाइव्ह" दाबलं की तेवढं भरून निघतं.

*सावंत काका (ए-१०३)*
मुलगा न्यू जर्सीत आहे. आमच्याच लॉगिनवर तिकडे लावू शकेल का?

*पराग देशमुख (सी-७०१)*
नाही काका. प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक वेगळे विकले जातात, आपला जिओहॉटस्टारचा प्लॅन तिकडे मॅच दाखवत नाही. अमेरिकेत आयपीएल विलो या क्रिकेट वाहिनीवर असतं. आपल्या साडेसातच्या मॅचला त्यांच्याकडे सकाळचे दहा वाजलेले असतात.

आणि इथल्यांसाठी, मोबाईल प्लॅन टीव्हीवर चालत नाही. रिचार्जसोबत फुकट मिळालेलं सबस्क्रिप्शन कोणत्या प्रकारचं आहे ते आजच ॲपच्या "माय अकाउंट"मध्ये बघून ठेवा.

*वैशाली कुलकर्णी (बी-२०५)*
ब्रॉडबँडच गेलं तर हॉटस्पॉटवर बघता येईल ना?

*पराग देशमुख (सी-७०१)*
येईल, पण हिशेब करा. फुल एचडीला ६ एमबीपीएस धरले तरी तासाला २.७ जीबी. दिवसाला २ जीबीवाला प्लॅन पाऊण तासात संपतो. ॲपमध्ये क्वालिटी हाताने ४८०पी करा, पहिला डाव तरी बराचसा बघून होईल.

त्याआधी फायबरच्या डब्यावर बघा. "लॉस" नावाचा दिवा लाल असेल तर बाहेर फायबर तुटलाय किंवा कुठेतरी दुमडलाय. कितीही रीस्टार्ट केलं तरी येणार नाही, लगेच कंपनीत तक्रार टाका. नुसते लाइट गेले असतील तर मात्र १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन आउटपुटवाला घ्या आणि दोन्ही अडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर वाचूनच घ्या. ९ व्होल्टच्या राउटरला १२ दिलं तर तो जळू शकतो. आपला जनरेटर सुरू व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात राउटर बंद पडून पुन्हा उभा राहायला दोन-तीन मिनिटं जातात. यूपीएसने तेवढं वाचतं.

*सावंत काका (ए-१०३)*
नेटच्या या सगळ्या कटकटीला पर्याय म्हणून डीडी फ्री डिश लावली तर?

*इम्रान शेख (ए-६०४)*
भारताच्या मॅचसाठी उत्तम. २००७ च्या कायद्यामुळे भारतीय पुरुष संघाच्या वन-डे आणि टी-ट्वेंटी मॅचचं प्रक्षेपण खासगी वाहिनीला प्रसार भारतीला द्यावं लागतं, म्हणून त्या फ्री डिशवर दिसतात. आयपीएलच्या मॅचना तो नियम लागू नाही. महिन्याचं भाडं नाही, खर्च डिश आणि बॉक्सचाच.

पण तुमच्या बाल्कनीत जमणार नाही, काका. उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला आहे. पुण्यातून तो आग्नेयेला जमिनीपासून साधारण ५९ अंश वर येतो. एवढा उंच म्हटल्यावर वरच्या मजल्याचा स्लॅबच आडवा येतो. गच्चीच लागेल.

*सेक्रेटरी*
गच्चीवर हरकत नाही, अर्ज द्या. मात्र स्लॅबमध्ये भोक पाडू देणार नाही, वॉटरप्रूफिंगचं काम नुकतंच झालंय. डिश कठड्याच्या आतल्या बाजूला ब्रॅकेटवर किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यावर बसवा. केबल डक्टमधून खाली आणा, जिन्यातून नको. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिच्यावरून आत येणार नाही.